कायरोप्रॅक्टरने सुचवलेले पूरक उपचार: नेमके कोणते घ्यावेत?

नेपरव्हिलकर (प्रश्न)

नमस्कार. मी शिकागोच्या पश्चिमेकडील उपनगरात राहतो आणि माझे काम दिवसभर संगणकासमोर बसून करण्याचे आहे. गेल्या हिवाळ्यात दारासमोरचा बर्फ उपसताना कंबरेत उसण भरली. ती चार दिवसांत जाईल असे वाटले होते, परंतु उन्हाळा आला तरी दुखणे पूर्णपणे गेलेले नाही. उजव्या बाजूला कुल्ल्यापर्यंत ओढ जाणवते. गुडघ्याखाली मात्र कळ उतरत नाही, मुंग्या येत नाहीत आणि पायातली ताकदही कमी झालेली नाही. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तपासून सध्या एमआरआयची गरज नसल्याचे सांगितले आणि फिजिकल थेरपी किंवा कायरोप्रॅक्टर (हाताने मणक्यांवर उपचार करणारा) यांपैकी जे सोयीचे पडेल ते करावे असे सुचवले. घराजवळ आणि कार्यालयाच्या वाटेवर म्हणून मी कायरोप्रॅक्टर निवडला.

पहिल्या भेटीत त्यांनी कंबरेच्या मणक्यांना हाताने झटका देऊन ज्याला ते अ‍ॅडजस्टमेंट म्हणतात ती केली. त्यानंतर दोन-तीन दिवस खरोखरच हलके वाटले. पुढच्या भेटीत मात्र स्वागतकक्षातील व्यक्तीने एक छापील योजना हातात ठेवली. तिच्यात अ‍ॅडजस्टमेंटबरोबर विजेचे स्टिम्युलेशन, अल्ट्रासाउंड, कोल्ड लेझर (ऊब न देणारा सौम्य लेझर-प्रकाश), मसाज, त्वचेवर लावायची रंगीत पट्टी, सुया टोचण्याचा उपचार आणि शेवटी ‘स्पायनल डीकॉम्प्रेशन’ नावाच्या टेबलावर मणका ताणण्याची सत्रे, असे सर्व काही आहे. पूर्ण रक्कम आगाऊ आणि याच महिन्यात भरली तर भरघोस सूट मिळेल, असेही सांगितले गेले. रक्कम काही हजार डॉलरच्या घरात आहे आणि यातील किती भाग आमचा विमा उचलेल याचे स्पष्ट उत्तर कोणी दिले नाही.

माझा कायरोप्रॅक्टिकला विरोध नाही. पहिल्या भेटीचा उपयोग झाला हे मी मान्य करतो. प्रश्न पूरक उपचारांचा आहे. यांपैकी कोणत्या गोष्टींनी माझ्यासारख्या दुखण्यात खरोखर भर पडते, कोणत्या निव्वळ सोबतीला जोडल्या जातात आणि कोणत्या गोष्टींत धोका असू शकतो, हे जाणकारांनी सांगावे. आई फोनवरून निर्गुडीच्या पाल्याचा शेक घे म्हणून सांगते आहे. इलिनॉयमध्ये निर्गुडी कोठून आणावी हा वेगळा प्रश्न, पण शेकाचे काय, तेही सांगितल्यास बरे होईल.

वाईची_फिजिओ

मी फिजिओथेरपिस्ट आहे. शिक्षण महाराष्ट्रात झाले आणि आता न्यू जर्सीत परवान्यावर काम करते. माझा व्यवसाय कायरोप्रॅक्टर मंडळींच्या शेजारचा, काही वेळा स्पर्धेचाही आहे, तेव्हा माझे मत वाचताना ते लक्षात ठेवावे. आपली लक्षणे वाचून निदान करणे योग्य नाही. परंतु पायात ताकद शाबूत आहे, कळ गुडघ्याखाली उतरत नाही आणि डॉक्टरांनी तपासले आहे, एवढ्यावरून हे दीर्घकाळ चाललेले साधे कंबरदुखीचे दुखणे आहे असे धरून पुढचे लिहिते.

आपल्या प्रश्नाला जवळजवळ शब्दशः लागू पडणारी एक चाचणी लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातील संशोधकांनी केली होती आणि तिचे सहा महिन्यांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. कंबरदुखीच्या ६८१ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार गट पाडले गेले. एका गटाला डॉक्टरांचे नेहमीचे उपचार मिळाले, दुसऱ्याला त्यांच्या जोडीला फिजिकल थेरपी, तिसऱ्याला फक्त कायरोप्रॅक्टिक, तर चौथ्याला कायरोप्रॅक्टिकबरोबर गरम-थंड शेक, अल्ट्रासाउंड आणि विद्युत-उत्तेजन यांसारखी भौतिक साधने. सहा महिन्यांनंतर तिसऱ्या आणि चौथ्या गटात लक्षात घेण्याजोगा फरक आढळला नाही. म्हणजे मणक्यावरच्या हाताच्या उपचाराला यंत्रांची जोड दिल्याने रुग्णाच्या पदरात वेगळे काही पडले नाही.

आता एकेका गोष्टीकडे वळते. उपचाराचे अल्ट्रासाउंड म्हणजे सोनोग्राफी नव्हे. यात ध्वनिलहरींनी खोलवरच्या ऊतींना ऊब द्यावयाची असते. आपल्याकडे प्रत्येक फिजिओच्या खोलीत ते यंत्र असते आणि आम्ही सर्वांनी ते वर्षानुवर्षे फिरवले आहे. परंतु कंबरदुखीसाठी ते वापरू नये असे उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ साली आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांसाठी जो पुरावा तपासला गेला, त्यातही अल्ट्रासाउंड आणि नुसतेच फिरवलेले बंद यंत्र यांत फरक दिसला नाही. माझे मत विचाराल तर आपल्या योजनेतून सर्वांत आधी हेच वगळावे.

मणका ताणण्याच्या टेबलाबद्दल अधिक सावध राहावे, कारण योजनेतील सर्वांत महाग भाग बहुधा तोच असेल. ट्रॅक्शन ही जुनी पद्धत आहे. आपल्याकडे इस्पितळात वजने टांगून रुग्णाला दिवसचे दिवस निजवून ठेवीत असत, ते ज्येष्ठांना आठवत असेल. डीकॉम्प्रेशन टेबल हे तिचेच संगणकाने नियंत्रित केलेले, ताण देणारे आणि पुन्हा सैल करणारे रूप आहे. सरकलेली गादी यामुळे आत ओढली जाते असे जाहिरातीत म्हटले जाते. नाइस आणि जागतिक आरोग्य संघटना या दोघांनीही कंबरेसाठी ट्रॅक्शन देऊ नये असेच सांगितले आहे. आपल्याला तर गादी सरकल्याचे निदानही झालेले नाही. मग हा उपचार नेमका कशासाठी, हे त्यांना विचारावे.

सुयांच्या उपचारावर तज्ज्ञांतच मतभेद आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. नाइसने कंबरदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चर देऊ नये असे म्हटले, कारण खऱ्या आणि खोट्या सुयांच्या तुलनेत पुरेसा फरक दिसला नाही. अमेरिकन सूचनांनी मात्र दीर्घकालीन दुखण्यासाठी त्याला मध्यम दर्जाचा पुरावा असल्याचे मानले आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याला स्थान दिले. घ्यावयाचेच असेल तर ज्याने त्याचे स्वतंत्र शिक्षण घेतले आहे अशा परवानाधारकाकडे घ्यावे. पाठीच्या वरच्या भागात, बरगड्यांवर सुया टोचताना फुप्फुसाला इजा होऊन छातीत हवा भरण्याचा प्रकार क्वचित घडतो. कंबरेत ती भीती नाही, परंतु पॅकेजमध्ये नंतर मान आणि खांदे जोडले गेले तर हे ध्यानात असावे.

कोल्ड लेझरला अमेरिकन सूचनांत स्थान आहे, पण कमी दर्जाच्या पुराव्यावर; त्यासाठी वेगळे पैसे मोजावेत असे मला वाटत नाही. रंगीत पट्टीचा उगम मात्र गमतीचा आहे. ती १९७० च्या दशकात केन्झो कासे या जपानी कायरोप्रॅक्टरनेच तयार केली. खेळाडूंच्या अंगावर ती शोभून दिसते, दीर्घकाळच्या कंबरदुखीत तिचा फायदा दिसून आलेला नाही, आणि नाजूक त्वचेवर पुरळ उठते.

मसाज ही गोष्ट निराळी आहे. त्याने थोड्या काळासाठी बरे वाटते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने दीर्घकालीन दुखण्यासाठी ज्या गोष्टी सुचवल्या त्यांत व्यायाम, रुग्णाला दुखण्याची समज देणे, मणक्यावरचे हाताचे उपचार, सुया आणि मसाज हे सर्व आहे. आपल्याला परवडत असेल आणि आवडत असेल तर अधूनमधून घ्यावा, पण तो स्वतंत्र मसाज थेरपिस्टकडे बहुधा स्वस्त पडेल. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी जोराचा मसाज आणि कपिंग (त्वचेवर पेले लावून ती ओढून धरण्याचा उपचार) टाळावे. अंगावर काळेनिळे डाग पडतात.

शेकाबद्दल आपल्या आईंचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे. नव्याने भरलेल्या उसणीत उबेचा उपयोग होतो यास वर उल्लेखिलेल्या अमेरिकन सूचनांनी मध्यम दर्जाचा पुरावा मानला आहे, बर्फाच्या शेकाला मात्र तेवढा आधार नाही. जुन्या दुखण्यात शेकाने मूळ कारण जात नाही, परंतु आखडलेले स्नायू सैल होऊन व्यायाम करणे सोपे जाते. गरम पाण्याची पिशवी किंवा विजेचे पॅड टॉवेलमध्ये गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे पुरते. पॅड लावून झोपी जाऊ नये. मधुमेहामुळे ज्यांच्या त्वचेची जाणीव कमी झाली आहे त्यांना तर भाजल्याचे कळतही नाही. निर्गुडी नसली तरी चालेल. चुलत्यांच्या शेतावरून पाला आणून आमच्याकडेही शेक देत, पण ऊब पाल्याइतकीच तापलेल्या तव्याचीही होती.

आपण दिलेल्या यादीत मला जे दिसले नाही ते व्यायामाचे सत्र. अमेरिकन, ब्रिटिश आणि जागतिक अशा तिन्ही सूचनांत व्यायाम आहे आणि नाइसने तर मणक्यावरचे हाताचे उपचार व्यायामाच्या जोडीनेच द्यावेत, एकटे नव्हेत, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे कायरोप्रॅक्टिकला खरा पूरक उपचार कोणता असेल तर तो हाच, आणि तोच योजनेत नाही. अशी योजना मी सही न करता परत केली असती.

मिसिसिपीकाठ

वरील प्रतिसाद उत्तम आहे. मी आयोवात डेव्हनपोर्टच्या जवळ राहतो, जेथे हा व्यवसाय जन्माला आला, म्हणून यंत्रे कायरोप्रॅक्टरांच्या खोलीत आली कशी यावर थोडे लिहितो. विषय सोडून नाही. योजना हातात ठेवणारी मंडळी अशी का वागतात ते यातून कळते.

डॅनिएल डेव्हिड पामर हे चुंबकीय उपचार करणारे गृहस्थ. १८९५ साली डेव्हनपोर्टमध्ये हार्वे लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका त्यांनी हाताने बसवला आणि त्याला पुन्हा ऐकू येऊ लागले, असा त्यांचा दावा होता. त्यावरून बहुतेक सारे रोग मणके जागचे हलल्याने होतात अशी उपपत्ती त्यांनी मांडली, जिला आजच्या शरीरशास्त्रात आधार नाही. दोन वर्षांत शाळा निघाली, पुढे ती मुलाने, बी. जे. पामर यांनी, चालवली. मुलगा कट्टर: हाताने मणका बसवणे एवढेच कायरोप्रॅक्टिक, बाकी काही जोडाल तर तुम्ही आमचे नव्हे. जे शेक, मालीश, पाण्याचे उपचार, विजेचे झटके यांची जोड देत त्यांना ‘मिक्सर’ म्हणून हिणवले जाई आणि स्वतःला ही मंडळी ‘स्ट्रेट’ म्हणवत.

मिक्सरांची शाळाही डेव्हनपोर्टमध्येच १९०६ साली निघाली आणि दोन वर्षांत शिकागोला गेली. तीच आज नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ हेल्थ सायन्सेस या नावाने लोम्बार्ड येथे आहे, म्हणजे प्रश्नकर्त्यांच्या घरापासून फार दूर नाही. गंमत अशी की शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्या बी. जे. पामर यांनीच १९२४ साली मणक्याच्या दोन बाजूंच्या तापमानातला फरक दाखवणारे एक यंत्र आणले, ते फक्त भाड्याने दिले आणि ते वापरल्याशिवाय नीट निदान होत नाही असे सांगितले. त्यावरून त्यांच्याच अनुयायांत मोठी फूट पडली. थोडक्यात, यंत्र आणि उत्पन्न यांची सांगड या व्यवसायात शंभर वर्षांपूर्वीच घातली गेलेली आहे.

दुसरी बाजूही सांगतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या व्यवसायाला कित्येक वर्षे वाळीत टाकले होते. त्याविरुद्ध १९७६ साली काही कायरोप्रॅक्टर न्यायालयात गेले आणि १९८७ साली शिकागोच्या संघराज्य न्यायालयाने असोसिएशनचे वागणे बेकायदा ठरवले. आज कायरोप्रॅक्टर लष्करी रुग्णालयांतही काम करतात. सैन्यातील ७५० जणांवर तीन लष्करी केंद्रांत झालेली चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली; नेहमीच्या वैद्यकीय उपचारांना कायरोप्रॅक्टिकची जोड दिलेल्यांचे दुखणे सहा आठवड्यांनंतर काहीसे अधिक कमी झाले होते. त्यात पूरक म्हणून काय दिले होते, तर व्यायाम, गरम-थंड शेक आणि हाताचे इतर उपचार. टेबल आणि लेझर यांच्या भरवशावर तो निकाल आलेला नाही.

हिशेबनीस

मी वैद्यकीय बिलांच्या क्षेत्रात काम करते. औषधोपचारातले मला कळत नाही, पण ‘विमा किती उचलेल याचे स्पष्ट उत्तर कोणी दिले नाही’ या वाक्यावर थांबले, कारण उत्तर मिळवण्याचा मार्ग आहे.

दवाखान्याकडून योजनेतील प्रत्येक उपचाराचा पाच अंकी बिलिंग कोड लेखी मागावा. हाताने मणका बसवण्याचे कोड ९८९४०, ९८९४१ आणि ९८९४२ असे, मणक्याच्या किती भागांवर उपचार झाला त्याप्रमाणे असतात. अल्ट्रासाउंड ९७०३५, यांत्रिक ट्रॅक्शन ९७०१२, व्यायाम ९७११०, हाताचे इतर उपचार ९७१४०. डीकॉम्प्रेशन टेबलासाठी एस९०९० असा वेगळाच कोड आहे आणि अनेक विमा कंपन्या तो अप्रमाणित उपचार म्हणून फेटाळतात. हे कोड घेऊन विमा कंपनीला स्वतः फोन करावा, प्रत्येकाचे उत्तर आणि त्या संभाषणाचा संदर्भ क्रमांक लिहून ठेवावा. दवाखान्यातील व्यक्तीने ‘बहुधा होईल’ म्हटले तर त्या शब्दाला बिलाच्या वेळी काही किंमत नसते.

व्यायामाच्या कोडबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगते. ९७११० हा पंधरा मिनिटांच्या हिशेबाने आकारला जातो आणि त्या वेळी कोणीतरी प्रशिक्षित व्यक्ती फक्त आपल्या एकट्याबरोबरच असावी लागते. आपल्याला एका कोपऱ्यात रबरी पट्टा ओढायला बसवून कर्मचारी दुसऱ्या रुग्णाकडे गेला आणि बिलावर हा कोड आला, तर विचारणा करण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

ज्यांचे आईवडील येथे मेडिकेअरवर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्यावर) आहेत त्यांच्यासाठीही थोडे लिहिते. मेडिकेअर कायरोप्रॅक्टरकडून फक्त मणक्यावरच्या हाताच्या उपचाराचे पैसे देते, तेही प्रकृतीत सुधारणा अपेक्षित असेल तोवर. प्रकृती आहे तशी टिकवण्यासाठी चालू ठेवलेल्या भेटींचे देत नाही. त्याने काढलेले एक्स-रे, केलेला मसाज, लावलेली यंत्रे यांपैकी काहीही त्यात बसत नाही. दीर्घकालीन कंबरदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चर मात्र मेडिकेअरने जानेवारी २०२० पासून मान्य केले आहे: ९० दिवसांत १२ सत्रे, सुधारणा दिसली तर आणखी ८, वर्षाला एकूण २० पेक्षा अधिक नाहीत, आणि सुया टोचणाऱ्याकडे त्या विषयातील पदव्युत्तर शिक्षण व राज्याचा परवाना असला पाहिजे. याउलट टेन्सच्या (त्वचेवर पॅड लावून विजेची सौम्य स्पंदने देणाऱ्या) यंत्राला दीर्घकालीन कंबरदुखीसाठी मेडिकेअरने २०१२ साली नकार दिला.

आगाऊ रक्कम भरण्याविषयी माझा अनुभव एवढाच सांगतो की उपचार मध्येच थांबवल्यास उरलेले पैसे कसे आणि कोणत्या दराने परत मिळतील हे लेखी नसेल, तर ते परत मिळणे फार कष्टाचे होते. सवलतीच्या दराने घेतलेल्या भेटी परताव्याच्या वेळी पूर्ण दराने मोजल्या जातात आणि शिल्लक नाहीशी होते. एचएसए (आरोग्यखर्चासाठीच्या करसवलतीच्या बचत) खात्यातून कायरोप्रॅक्टरची फी देता येते. मसाजसाठी बहुधा डॉक्टरांचे वैद्यकीय गरजेचे पत्र लागते.

नेपरव्हिलकर

सर्वांचे मनापासून आभार. दोन शंका राहिल्या. डीकॉम्प्रेशनच्या पत्रकावर यंत्राला एफडीएची (अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची) मंजुरी आहे असे ठळक छापले आहे. मग ते कामाचे नाही असे कसे म्हणावे? आणि विजेच्या स्टिम्युलेशनबद्दल वाईच्या ताईंनी लिहिले नाही. त्या सत्रात मला खरेच आराम पडला होता, म्हणून विचारतो.

जुनेदुखणे

विजेबद्दल मी लिहितो, कारण टेन्सचे यंत्र मी बऱ्याच काळापासून वापरत आलो आहे आणि ताईंच्या क्षेत्रातील लोक त्याच्याविषयी फारच तुटकपणे बोलतात असे माझे मत आहे. मला मार्गदर्शक सूचना माहीत आहेत. नाइसने नाही म्हटले, जागतिक आरोग्य संघटनेने नाही म्हटले. पण त्या सूचना सरासरीवर चालतात आणि महिन्यांनंतर काय झाले ते पाहतात. माझा प्रश्न आज संध्याकाळी अर्धा तास भांडी घासण्यासाठी ताठ उभे राहता येते का, एवढाच असतो.

यामागची कल्पना निराधार नाही. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली वेदनेची ‘गेट’ उपपत्ती मांडली. त्वचेवरच्या स्पर्शाच्या संवेदना मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशाला अडवतात, असे तिचे सार आहे. आपटलेला गुडघा आपण चोळतो तो त्याचसाठी. टेन्स तेच काम विजेच्या सौम्य स्पंदनांनी करते. यंत्र चालू असताना आणि त्यानंतर थोडा वेळ वेदना दबते, दुखणे बरे होत नाही. एवढी अपेक्षा ठेवली तर निराशा होत नाही.

माझा आक्षेप त्याच्या किमतीवर आहे. दवाखान्यात पॅड चिकटवून आपल्याला वीस मिनिटे एकटे सोडतात आणि प्रत्येक वेळी बिल लावतात. तेच छोटे यंत्र औषधाच्या दुकानात विनाचिठ्ठी मिळते आणि त्याची किंमत दवाखान्यातील मोजक्या सत्रांइतकीही नसते. एकदा कोणाकडून तरी पॅड कोठे लावायचे ते नीट समजून घ्यावे आणि घरी वापरावे. छातीत पेसमेकर असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. गळ्याच्या पुढच्या भागावर आणि गरोदरपणी पोटावर पॅड लावू नयेत. बधिर झालेल्या किंवा जखम असलेल्या त्वचेवरही नकोत.

डेक्कनवाला

पुण्यातून वाचतो आहे. येथेही आता कायरोप्रॅक्टिकच्या नावाने बरेच काही चालते. मानेला झटका दिल्यावर होणारा कडकड आवाज ध्वनिक्षेपकाजवळ धरून टिपलेल्या चित्रफिती पाहून माझा भाचा अशाच एका ठिकाणी जाऊन आला. तेथे झटका, मग कपिंग, मग ‘करंट’, असा सगळा एकत्र कार्यक्रम होता. अमेरिकेत निदान प्रत्येक राज्यात परवाना आहे. भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी वेगळी वैधानिक परिषद नाही, त्यामुळे पाटीवर ‘कायरो’ लिहिणारा परदेशात रीतसर शिकून आलेला आहे, फिजिओथेरपिस्ट आहे, की थोड्या दिवसांच्या वर्गाला बसून आलेला आहे, हे रुग्णाला कळत नाही. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्य परिषदेकडे असते. तो नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नये. गावाकडचा हाडवैद्य निदान त्याच गावात राहत असे आणि चुकले तर चारचौघांत त्याला जाब विचारता येई.

ताईंना माझा प्रश्न: मानेच्या झटक्याने पक्षाघात होतो असे जे ऐकू येते त्यात तथ्य किती? आणि झटका दिल्यानंतर लगेच मानेला मालीश किंवा ट्रॅक्शन देणे योग्य आहे का?

वाईची_फिजिओ

नेपरव्हिलकर, आधी आपल्या एफडीएच्या शंकेविषयी. अशी बहुतेक यंत्रे ज्या वाटेने बाजारात येतात तिच्यात ते यंत्र बाजारात आधीपासून असलेल्या तशाच यंत्राच्या तोडीचे आणि तितकेच सुरक्षित आहे एवढे दाखवावे लागते. ट्रॅक्शनची यंत्रे जुनी असल्याने नव्या टेबलाला ती वाट मोकळी असते. आपल्या दुखण्यात ते इतर उपचारांपेक्षा सरस ठरले, असा त्या छापील ओळीचा अर्थ होत नाही.

टेन्सबद्दल ‘जुनेदुखणे’ यांनी लिहिले त्याला माझी हरकत नाही. मी ते मुद्दाम वगळले नव्हते. वेदना दाबून त्या अर्ध्या तासात चालणे किंवा व्यायाम होत असेल तर मीही रुग्णांना घरी वापरू देते. यंत्र लावून सोफ्यावर पडून राहिल्यास मात्र ते वापरणे वाया जाते.

डेक्कनवाला, मानेबद्दल तथ्य आहे. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीच्या आतल्या थराला चीर पडून पक्षाघात होण्याचे प्रकार झटक्यानंतर नोंदले गेले आहेत. ते दुर्मीळ आहेत, आणि त्यातील काही रुग्णांची रोहिणी आधीच फाटू लागलेली असते व त्याच मानदुखीसाठी ते उपचाराला येतात, असेही संशोधक मानतात. म्हणून पूर्वी कधी न अनुभवलेली, अचानक सुरू झालेली, एका बाजूची तीव्र मान किंवा डोकेदुखी असेल तर झटका, ट्रॅक्शन आणि जोराचे मालीश या तिन्ही गोष्टी टाळून आधी डॉक्टर गाठावा. झटक्यानंतर भोवळ, दुहेरी दिसणे, बोलताना जीभ अडखळणे, गिळता न येणे, चेहऱ्याचा एक भाग बधिर होणे यांपैकी काहीही झाले तर ‘आता करंट लावू म्हणजे बरे वाटेल’ हे ऐकून घेऊ नये. तत्काळ आपत्कालीन विभागात जावे. हाडे ठिसूळ झालेल्या ज्येष्ठांना आणि पूर्वी कर्करोग झालेल्यांना मानेवर काय किंवा कंबरेवर काय, तपासणीशिवाय झटका देऊ नये.

कंबरेच्या दुखण्यातही काही लक्षणांना वाट पाहता येत नाही. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, घोड्यावर बसताना जेथे खोगीर लागते तो भाग बधिर होणे, दोन्ही पायांत कमजोरी येणे. असे झाल्यास कोणताही पूरक उपचार सुरू न करता थेट इस्पितळ. मज्जातंतूंच्या गुच्छावर दाब आलेला असू शकतो आणि शस्त्रक्रियेला झालेला उशीर कायमचा भोवतो.

नेपरव्हिलकर, आपण या दवाखान्यात समाधानी असाल तर तो सोडण्याची गरज नाही. पॅकेज नको, प्रत्येक भेटीचे पैसे त्या त्या वेळी देईन, अ‍ॅडजस्टमेंट आणि शिकवलेला व्यायाम एवढेच हवे, असे सांगून पाहावे. इलिनॉयमध्ये कायरोप्रॅक्टरला औषधे आणि शस्त्रक्रिया वगळता उपचारांचा बराच मोठा अधिकार आहे, तेव्हा व्यायाम शिकवणे त्यांच्या परवान्यात बसते. एखाद्या महिन्याने खुर्चीतून उठणे, मोजे घालणे, गाडीत बसून प्रवास करणे यांत काही फरक पडला का ते पाहावे. पडला नसेल तर भेटी वाढवण्यापेक्षा आपल्या डॉक्टरांकडे परत जावे. आणि स्वागतकक्षातील व्यक्तीने महिनाअखेरची सूट पुन्हा पुढे केली, तर ती पुढच्या महिन्यातही असते का, एवढे विचारून पाहावे.